जुने क्लासिक सिनेमे बघायची सुरुवात कुठून करावी?

‘जगातले सर्वश्रेष्ठ शंभर चित्रपट’ अशी एखादी यादी उघडायची, पहिल्या क्रमांकाचा सिनेमा लावायचा आणि चाळिसाव्या मिनिटाला हात आपोआप मोबाइलकडे जायचा. क्लासिक सिनेमांशी अनेकांची पहिली गाठ अशी पडते आणि मग ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून माणूस मोकळा होतो. दोष सिनेमाचा नसतो आणि बघणाऱ्याचाही नसतो. चुकलेला असतो तो क्रम.

उदाहरणच घ्या. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल ठरला. १९६२ ते २००२ सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’ आणि २०२२मध्ये शांताल अकरमनचा ‘जान दिएलमान’. हा शेवटचा सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा आहे. त्यात एक गृहिणी तीन दिवस घरातली कामं करते, बटाटे सोलते, भांडी घासते, आणि कॅमेरा ते सगळं न हलता बघत राहतो. सिनेमा जबरदस्त आहे, पण ज्याने याआधी एकही जुना सिनेमा पाहिलेला नाही त्याला हा दाखवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट समुद्रात ढकलणं. कौल देणाऱ्यांनी हजारो सिनेमे पाहिलेले असतात. त्यांची निवड त्या सगळ्या पाहण्यातून आलेली असते. तेव्हा यादी राहू द्या बाजूला. आज तुम्हाला जे आवडतं तिथूनच मागे जायचं.

पायरी १ : आवडीचा एकच प्रकार धरा

तुम्हाला थरारपट आवडत असतील तर थरारपटच बघा. ‘क्लासिक बघायचे तर गंभीरच बघायला हवेत’ असा काही नियम नाही. पुढे प्रकारांनुसार सुचवतो आहे. प्रत्येकात आधी सोपा, मग जरा अवघड असा क्रम ठेवला आहे. सगळे प्रकार सारखे भरलेले नाहीत, कारण काही ठिकाणी सांगण्यासारखं जास्त आहे.

थरार आणि गुन्हा. कुणीही ‘एकच सिनेमा सांग’ म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७). ९६ मिनिटं, खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्युरी, एक बंद खोली आणि एका पोराच्या जिवाचा प्रश्न. जवळजवळ सगळा सिनेमा त्या खोलीत घडतो आणि तरी कंटाळा येत नाही. ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) पाहिला असेल तर गोष्ट माहीत असेल, तरीही मूळ सिनेमा बघा आणि या वेळी भिंतींकडे लक्ष द्या. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, हळूहळू तो खाली आणला आणि जोडीने जास्त फोकल लांबीच्या, म्हणजे मागचं जवळ आल्यासारखं दाखवणाऱ्या लेन्स वापरत गेला. त्यामुळे भिंती माणसांच्या अंगावर येत चालल्यासारख्या वाटतात, शेवटी शेवटी छतही दिसायला लागतं. खोली तेवढीच असते, आपल्याला मात्र कोंडायला होतं. दिग्दर्शन म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून सोपा धडा मला माहीत नाही.

त्यानंतर आल्फ्रेड हिचकॉक. आधी ‘रिअर विंडो’ (१९५४) : पाय मोडून घरात अडकलेला फोटोग्राफर खिडकीतून समोरच्या घरांकडे बघत बसतो आणि त्याला एका खुनाचा संशय येतो. कॅमेरा जवळपास पूर्ण वेळ त्याच्याच खोलीत आहे, म्हणजे त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. मग ‘सायको’ (१९६०). न्हाणीघरातल्या प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. कृष्णधवल चित्रणात ते खपून गेलं. बर्नर्ड हरमनने या सिनेमाला फक्त तंतुवाद्यांचं संगीत दिलं. त्या प्रसंगाला संगीतच नको असं हिचकॉकचं आधी म्हणणं होतं, ऐकल्यावर त्याने मत बदललं. ‘व्हर्टिगो’ (१९५८) मात्र मागे ठेवा. तो वरून रहस्यपट वाटतो, आत झपाटलेपणाची गोष्ट आहे. रहस्य शोधायला बसलेला प्रेक्षक हमखास हिरमुसतो.

या वाटेने आणखी पुढे जायचं तर बिली वाइल्डरचा ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४), कॅरल रीडचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९) आणि फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (१९३१). ‘द थर्ड मॅन’मध्ये महायुद्धाने मोडलेलं खरंखुरं व्हिएन्ना दिसतं आणि पार्श्वसंगीत म्हणून जवळजवळ फक्त झिथर हे तंतुवाद्य वाजत राहतं. खुनाच्या गोष्टीला इतकं खेळकर संगीत का, हा प्रश्न पडला म्हणजे सिनेमा तुमच्यावर काम करायला लागला. ‘एम’ हा लांगचा पहिला बोलपट. खुनी दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. आवाज नुकताच हाती आलेला असताना त्याने तो किती हुशारीने वापरलाय बघा.

विनोद. इथे माझा आग्रह आहे की मूकपटांपासूनच सुरू करा. मूकपट म्हटलं की लोक बिचकतात, पण विनोदी मूकपटासाठी सवय असावी लागतच नाही. लहान मुलंही पहिल्या पाच मिनिटांत हसायला लागतात. बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) जेमतेम पाऊण तासाचा आहे. चित्रपटगृहात यंत्र चालवणारा तरुण स्वप्नात पडद्यावरच्या सिनेमात शिरतो आणि त्याच्या भोवतीची दृश्यं कट होत बदलत राहतात. कीटन कसरती स्वतः करायचा. याच सिनेमातल्या पाण्याच्या टाकीच्या प्रसंगात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते त्याला कित्येक वर्षांनी कळलं! त्यानंतर ‘द जनरल’ (१९२६). त्यातला जळता पूल खरा, आगगाडी खरी आणि तिचं कोसळणंही खरं. त्या काळी हा सिनेमा फारसा चालला नाही, हे वाचून आज चकित व्हायला होतं.

चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) बोलपट रुळल्यावर कित्येक वर्षांनी आला, तरी त्यात पात्रं समोरासमोर फारशी बोलत नाहीत. बोलतात ती यंत्रं आणि पडद्यावरून हुकूम सोडणारा मालक. चॅप्लिनचा आवाज पडद्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो इथेच, आणि तोही निरर्थक शब्दांच्या गाण्यात. बोलपटांतला विनोद हवा असेल तर वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) घ्या. १९५९ साली तो कृष्णधवल का, असा प्रश्न पडेल. बायकांच्या वेशातल्या दोन्ही नायकांचा मेकअप रंगीत चाचणीत हिरवट दिसत होता.

भय. आधीच सांगतो, जुने भयपट आजच्यासारखे दचकवत नाहीत. त्यांची ताकद वातावरणात आहे. मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर परवानगी न घेता केलेला सिनेमा. लेखकाच्या पत्नीने दावा लावला, कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या आणि म्हणून आपण तो बघू शकतो. पहिल्यांदाच भयपटाकडे वळत असाल तर मात्र आधी जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) बघा. आजच्या सगळ्या झाँबीपटांचं मूळ तिथे सापडतं. स्पीलबर्गचा ‘जॉज’ (१९७५) इथे बसतो की थरारपटांत, यावर वाद घालता येईल. यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्यामुळे तो कमी दाखवावा लागला आणि न दिसणाऱ्या शार्कचीच भीती जास्त वाटली.

विज्ञानपट. क्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२) फक्त २८ मिनिटांचा आहे. एक क्षण सोडला तर सगळा स्थिर छायाचित्रांचा. कालप्रवासाची गोष्ट इतक्या थोड्यात कुणी सांगितली असेल असं वाटत नाही. आवडला तर त्यावरून सुचलेला ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) बघता येईल. कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा आणि सुरुवातीची वीसपेक्षा जास्त मिनिटं एकही संवाद नाही, हे आधीच माहीत असू द्या. तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) त्याच्या नंतर, आणि दमलेल्या संध्याकाळी मुळीच नको.

वेस्टर्न आणि सामुराई. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या बंदूकधाऱ्यांच्या आणि जपानी तलवारबाज योद्ध्यांच्या गोष्टी; हे दोन प्रकार एकत्र घेतले ते मुद्दाम. फ्रेड झिनमनच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) गावात गुंड येणार आहे, गाडी दुपारी बाराची आहे आणि पडद्यावरचं घड्याळ जवळजवळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. ८५ मिनिटांत सगळं संपतं. मदत मागत गावभर फिरणारा मार्शल, म्हणजे गावाचा पोलीस अधिकारी, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला अजिबात पटला नाही, म्हणून त्याने उत्तरादाखल ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) केला. दोन्ही लागोपाठ बघितले तर दोन दिग्दर्शकांचं भांडण ऐकल्याची मजा येते. तिकडे जपानमध्ये अमेरिकन वेस्टर्न आवडीने बघणारा अकिरा कुरोसावा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) करत होता. त्यावरून अमेरिकेत ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आला. कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून (१९६१) सर्जिओ लिओनेने इटलीत ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला. तो विचारून केला नव्हता, म्हणून प्रकरण दाव्यापर्यंत गेलं आणि शेवटी तडजोड झाली. ‘सेव्हन सामुराई’ साडेतीन तासांचा आहे हे ऐकून घाबरू नका. त्यात मध्यंतर आहे. पहिला भाग माणसं जमवण्याचा, दुसरा लढाईचा. दोन संध्याकाळींत बघितला तरी काही बिघडत नाही.

साध्या माणसांच्या गोष्टी. ‘गंभीर’ म्हणून लोक ज्यांना टाळतात ते हे सिनेमे. व्हिटोरियो दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) दीड तासाचा आहे : सायकल असेल तरच नोकरी, आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बापाची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. सत्यजित राय यांनी हा सिनेमा १९५०मध्ये लंडनला पाहिला आणि आपणही असाच सिनेमा करायचा हे त्यांचं पक्कं झालं. तोच ‘पथेर पांचाली’ (१९५५). छायालेखक सुब्रतो मित्र यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलाच नव्हता. हे दोन्ही पाहून झाले की यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) घ्या. म्हातारे आईवडील शहरात मुलांकडे जातात, मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. कॅमेरा जमिनीजवळ असतो, क्वचितच हलतो आणि कुणी आवाज चढवत नाही. पहिल्या अर्ध्या तासात ‘काही घडतच नाही’ असं वाटेल. त्या अर्ध्या तासात कोण कुणाशी किती गोड बोलतंय तेवढं ऐकून ठेवा. पुढे त्याचाच हिशेब होतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात. संगीतिका : ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२). मूकपट बोलू लागले तेव्हाची धांदल त्यात आहे, त्यामुळे चार मूकपट बघून झाल्यावर तो जास्त रंगतो. युद्ध : कुब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७), मग जिलो पोंतेकोर्व्होचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६), जो बातमीपटासारखा दिसतो पण त्यात खऱ्या बातमीपटाचा तुकडाही नाही. अ‍ॅनिमेशन : लोटे रायनिगरचा, कात्रीने कापलेल्या छायाकृतींचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमेद’ (१९२६). जपानचे ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८मध्ये एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले होते. पहिला मुलांबरोबर खुशाल बघा. दुसरा युद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा आहे. कार्टून समजून लहानांना दाखवू नका.

पायरी २ : प्रत कोणती आहे ते बघा

नवखे प्रेक्षक हे हमखास विसरतात. जुना सिनेमा कंटाळवाणा वाटण्याचं कारण पुष्कळदा खराब प्रत असते. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’च्या प्रतींवर प्रदर्शनाच्या वेळी कॉपीराइटची सूचनाच राहून गेली, त्यामुळे अमेरिकेत तो कुणाचाच राहिला नाही. फुकट सापडतो, पण धुरकट आणि कापलेल्या प्रतीही तितक्याच सहज सापडतात. चित्र खूप धूसर असेल, आवाजात खरखर असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच थांबा आणि ‘रिस्टोर केलेली’ असं लिहिलेली प्रत शोधा.

लांबीही तपासा. लांगचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) पहिल्या खेळानंतर भरपूर कापला गेला. हरवलेला बराच भाग २००८मध्ये ब्युनॉस आयर्सच्या एका चित्रपट संग्रहालयात सापडला आणि २०१०मध्ये जवळजवळ पूर्ण सिनेमा पुन्हा उभा राहिला. दीड तासाचा ‘मेट्रोपोलिस’ मिळाला तर तो अर्धवट आहे असं समजा.

मूकपटांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. त्या काळी चित्रणाचा वेग ठरलेला नव्हता, सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण आवाजाबरोबर आलं. त्यामुळे काही प्रतींत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. ती प्रत चुकीच्या वेगाने चालवलेली असते, मूळ सिनेमा तसा नव्हता. दुसरं म्हणजे रंग. ‘नोस्फेरातू’चे रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मवर निळी छटा दिली होती. ती छटा नसलेली प्रत बघितली तर रक्तपिपासू उमराव भर उन्हात हिंडताना दिसतो आणि सगळी भीती उडते. याच्या उलट, मुळात कृष्णधवल असलेल्या सिनेमात संगणकाने रंग भरलेली आवृत्ती समोर आली तर ती सोडून द्या.

टीव्हीच्या सेटिंगमध्येही जाऊन या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिने सिनेमा मालिकेसारखा दिसतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवायला चित्र ताणलंत तर सगळे नट जाडे होतील.

डबिंग की सबटायटल्स? सबटायटल्स. फक्त जुन्या इटालियन सिनेमांत ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर प्रत बदलू नका. तिकडे आवाज नंतर भरण्याची पद्धत होती आणि लिओनेच्या सेटवर तर वेगवेगळे नट आपापल्या भाषेत बोलत.

पायरी ३ : बघताना

कथा आधी वाचू नका. ‘सायको’ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये अशी अट हिचकॉकने चित्रपटगृहांना घातली होती. तीच अट स्वतःला घाला : पहिली वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत. जुन्या सिनेमांची गती अंगवळणी पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. अर्ध्या तासानंतरही काहीच धरत नसेल तर खुशाल बंद करा. क्लासिक आहे म्हणून शेवटपर्यंत सोसायला ती परीक्षा नाही. वर्षभराने पुन्हा लावून बघा, तोवर तुम्ही बदललेले असता.

काही गोष्टी खटकतील, आणि खटकायलाच हव्यात. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’मधला (१९५६) नायक अमेरिकेतल्या मूलनिवासींचा उघड द्वेष करतो. सिनेमा त्या द्वेषाकडे पूर्ण डोळसपणे बघतो का, यावर आजही वाद आहे. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) तर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेचा गौरवच करतो. तंत्राच्या इतिहासात त्याचं नाव येतं, पण सुरुवात करणाऱ्याने तो बघायलाच हवा असं मला वाटत नाही.

पायरी ४ : एका सिनेमाचा हात धरून दुसऱ्याकडे

चारपाच सिनेमे झाले की पुढची निवड तुमची तुम्हालाच करता येते. आवडलेल्या सिनेमातलं एक नाव धरा. ल्युमेट आवडला तर ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५). नाव दिग्दर्शकाचंच हवं असं नाही. छायालेखक ग्रेग टोलँडचं काम ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये (१९४०) बघा आणि मग त्यानेच चित्रित केलेला ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१). आता तो यादीतला पहिला नंबर म्हणून अंगावर येणार नाही. घरात आईबाप आणि बँकवाला पोराचं भविष्य ठरवताहेत आणि मागे खिडकीतून तोच पोरगा बर्फात खेळताना दिसतोय. पुढचे कागद आणि मागचा पोरगा, दोन्ही एकाच चौकटीत तितकेच स्पष्ट. दहा सिनेमे पाहिलेल्या माणसाला त्या एका चौकटीत काय काय चाललंय ते लगेच कळतं.

पायरी ५ : दुसऱ्याला सुचवताना

लवकरच कुणीतरी तुम्हालाच विचारेल. तेव्हा दहा नावं पाठवू नका, त्यातलं एकही बघितलं जात नाही. दोन प्रश्न विचारा : शेवटचा कुठला सिनेमा मनापासून आवडला, आणि आज वेळ किती आहे? मग एकच नाव द्या. कोर्टकचेरीच्या मालिका बघणाऱ्याला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. मारधाडीचा शौक असेल तर ‘योजिम्बो’. फक्त अर्धा तास असेल तर ‘ला जेते’. घरात लहान मुलं असतील तर कीटन. ‘मला कृष्णधवल बघवतच नाही’ म्हणणारा तर भेटतोच. त्याच्याशी वाद घालत बसू नका, त्याला ‘द रेड शूज’ (१९४८) द्या. बॅले नर्तिकेची गोष्ट, टेक्निकलर या गडद रंगांच्या चित्रणपद्धतीत, छायालेखक जॅक कार्डिफने टिपलेली. त्यातला लाल रंग बघून झाला की त्याच दिग्दर्शक जोडगोळीचा, पॉवेल आणि प्रेसबर्गरचा ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) लगेच पाठवा. त्यात बर्फाळ पर्वतरांगांतला मठ आहे आणि ते पर्वत बहुतांशी स्टुडिओत रंगवलेले आहेत. हे मात्र त्याला बघून झाल्यावर सांगा.